वेशीबाहेरचा संस्थापक

"आदर्श राज्य फक्त पुस्तकात असतं म्हणणाऱ्यांची तोंडं मी शुक्रवारी बंद करणार!" राज्यशास्त्राच्या सरांनी जेवताना जाहीर केलं. शुक्रवारी त्यांचं निवृत्तीचं व्याख्यान होतं. उभी हयात आदर्श राज्य शिकवण्यात गेली आणि मागच्या बाकावरून दरवर्षी तोच प्रश्न आला, "सर, असं राज्य आहे कुठे?" यंदा सर ते पडद्यावर दाखवणार होते!

मुलीने त्यांना नगर वसवायचा एक व्हिडिओ गेम शिकवला होता. आपापल्या फोनवरून कुणीही नागरिक होऊ शकत असे. सरांनी मुलीसह बायकोला आणि सासूबाईंनाही नागरिक करून घेतलं.

राजा नाही, कुलूप नाही, कोठार सगळ्यांचं आणि प्रत्येक निर्णय मतदानाने, असे कायदे झाले. संस्थापकाला कोणताही निर्णय फिरवता यायचा. सरांनी तत्त्वासाठी तो अधिकारच सोडला.

"बाबा, तो परत मिळत नाही हं!" मुलगी म्हणाली. 'खात्री आहे?' असं गेमनेही पुन्हापुन्हा विचारलं. सरांनी दर वेळी छाती फुगवून 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी कोठारात दाणा नव्हता.

"आई, धान्य कुठे गेलं?" सरांनी सासूबाईंना विचारलं.

"माझ्या घरी! सगळ्यांचं आहे ना? मग मी काय परकी?"

"अहो, पण सगळं?"

"गरजेपुरतं घ्या म्हणालात. मला गाई पाळायच्यात, जावईबापू."

सरांनी मत न घेताच धान्य परत आणून कोठाराला कुलूप लावलं. तात्पुरतं! कुलपाला पहारेकरी हवा, म्हणून स्वतःच उभे राहिले. पहारेकऱ्याला भूक लागते, म्हणून प्रत्येकाकडून वाटा घेऊ लागले. बायकोने स्वयंपाकघरात सभा भरवून निषेध केला, तेव्हा सभांवर बंदी आली. तीही तात्पुरती! मग कुणी पळून जाऊ नये म्हणून नगराभोवती भिंत उभी राहिली.

"बाबा, वर्गात तुम्ही याला काय म्हणता?" मुलीने विचारलं. सर विटा रचत राहिले.

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं. दिवे मालवले, पडदा उजळला आणि सरांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कोठार भरलेलं, घरांची दारं सताड उघडी, गाई चरताहेत, भांडणतंटा कुठेच नाही!

"वा!" प्राचार्य म्हणाले. "पण सर, आदर्श राज्यात भिकारी कसा?"

भिंतीबाहेर एक इवलासा माणूस वेस ठोठावत होता. सरांनी त्याचा सदरा ओळखला. तो त्यांचाच होता! सभांवर बंदी घातली तरी मतदान शिल्लक होतं. तो कायदा त्यांचाच. सकाळी ते दाढी करत असताना तीन विरुद्ध शून्य मतांनी त्यांची हद्दपारी झाली होती.

पहिल्या रांगेत बायको बसली होती. सर वाकून कुजबुजले, "अगं, दार उघड ना!"

"अहो, मत घ्यावं लागेल."

"माझा विरोध," शेजारून सासूबाई म्हणाल्या.

सरांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. जन्मभराचं स्वप्न खरं ठरलं होतं आणि त्यात फक्त त्यांनाच जागा नव्हती.

मागच्या बाकावरून यंदा वेगळाच प्रश्न आला, "सर, तो बाहेर कोण आहे?"

"संस्थापक," सर म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद करायला सांगितला.