पाच वीसचं ऊन

"लग्न सहाला लावा," फोटोग्राफर म्हणाला, "कारण ऊन पाच वीसला येतं."

दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसलेल्या मावशीने पेन खाली ठेवलं. लग्न तिच्या भाचीचं होतं आणि भाची फोटोग्राफरला थेट दवाखान्यात घेऊन आली होती. हॉलच्या मागे बाग होती, बागेत दगडी पायऱ्या होत्या, आणि समोरच्या दोन उंच इमारतींच्या फटीतून पाच वाजून वीस मिनिटांनी त्या पायऱ्यांवर जे ऊन उतरायचं, ते पाच बत्तीसला निघून जायचं. हे बघण्यासाठी तो तीन संध्याकाळी त्या बागेत नुसता उभा राहून आला होता. एवढी मेहनत नवऱ्या मुलानेही घेतली नव्हती, त्यामुळे त्याला नाही कसं म्हणणार?

"म्हणजे आधी फोटो आणि मग लग्न?" मावशीने विचारलं.

"लग्न काय, दिव्याच्या उजेडातही लागतं. घरातली सगळी माणसं एका फोटोत हवीत असं या मॅडम म्हणतात. किती जण आहेत?"

मावशीने मनातल्या मनात भराभर मोजलं. "पंधरा."

"पंधरा माणसं आणि बारा मिनिटं. एक जरी मागे राहिला तरी फोटो गेला."

"मावशी, तूच बघ काय ते," भाची म्हणाली. "आपल्या घरातली माणसं तुला माहीतच आहेत."

माहीत होती म्हणजे काय, चांगली पाठ होती. या घरात तीस वर्षांत सगळ्यांचा मिळून असा फोटो एकदाही निघाला नव्हता, कारण दर वेळी कुणीतरी राहिलेलं असायचं. आणि जो राहिला असेल त्याला आणायला दर वेळी मावशी जायची. सगळ्यांत धाकटी, पायाने चपळ, नाही म्हणायची सवय नाही. ताईच्या लग्नात ती दादाला शोधायला गेली आणि परत येईपर्यंत फोटो झाला. दादाच्या लग्नात तर ती खुद्द दादालाच शोधायला गेली होती. तिच्या स्वतःच्या लग्नाचा सोडून घरातले सगळे अल्बम चाळले तर मावशी एका फोटोत सापडते, तीही पाठमोरी, दाराबाहेर पडताना. तिने याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण तिला फार वाईट वाटायचं, आणि या वेळी फोटोत उभं राहायचंच असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिच्याकडे उपायही होता. सव्वीस वर्षं ती दवाखान्यात लोकांना वेळा देत होती. डॉक्टरांना अकराला पेशंट हवा असेल तर पेशंटला अकरा सांगायचं नसतं, एवढं शहाणपण पहिल्याच महिन्यात येतं. कुणाला साडेदहा सांगायचं, कुणाला पावणेदहा, आणि ज्याची अक्कलदाढ काढायची असेल त्याला आदल्या दिवशीचीच वेळ द्यायची. तो हिशेब मावशीने आता घरच्या माणसांना लावला.

दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. उभा जन्म शिकाऊ माणसांशेजारी बसून काढल्यामुळे रस्ता मोकळा असला तरी त्याची गाडी वीसच्या पुढे जात नसे, आणि घरातून निघायलाच त्याला तासभर लागे. त्याच्या चिठ्ठीवर मावशीने वेळ घातली साडेतीन. वहिनीला चार वीस. मुलीची आई म्हणून ताईला रडायला वेळ धरून चार चाळीस, तिच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, पावणेपाच. मावशीच्या स्वतःच्या नवऱ्याला चार पंचावन्न. मुलाची आई, म्हणजे नव्या विहीणबाई, शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि घड्याळ त्यांना बघून चालायचं. त्यांना पाच वीसच सांगायला हरकत नव्हती. पण नवी माणसं, उगाच धोका कशाला, म्हणून मावशीने त्यांना पाच दहा दिले.

प्रत्येकाला स्वतंत्र चिठ्ठी, खाली ठळक अक्षरांत सूचना: कुणालाही दाखवू नये. खरी वेळ ठाऊक होती फक्त भाचीला आणि फोटोग्राफरला. फोटोग्राफरसाठी तिने पंधरा जणांची वेगळी यादीही करून दिली, म्हणजे पायऱ्यांवर माणूस आला की त्याने खूण करायची. कुणी राहिलं तर यादीवरून कळेल आणि शोधायला तोच कुणाला तरी पाठवेल. मावशी जाणार नव्हती. मावशी पाहुण्यासारखी यायची होती, पाच पंधराला, केस-बिस सेट करून. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पार्लरची वेळ घेतली होती, आणि लोक हसतील म्हणून ती कुणाला सांगितली नव्हती.

लग्नाच्या दिवशी दुपारी साडेतीनला मावशी घरी एकटीच कपड्यांना इस्त्री करत असताना फोन वाजला. ताई होती.

"बेबी, दादा आलाय."

"कुठे?"

"हॉलवर. दोन वाजल्यापासून."

मावशीने इस्त्री उभी केली आणि स्वतः खाली बसली. "दादा? आपला दादा?"

"आपलाच. वहिनीनं त्याला चिठ्ठीच दाखवली नाही. नवऱ्याला वेळ सांगताना एक तास आधीची सांगायची, असा तिचा नेमच आहे म्हणे. तिनं सांगितलं अडीच. आणि तू मागच्या आठवड्यात त्याला म्हणालीस ना, या वेळी तरी? ते त्याच्या मनाला लागलं. तो पडला जेवण अर्धवट टाकून बाहेर. हॉल उघडतो तीनला! तोवर दोघं गाडीत बसून घाम पुसत होते, आणि बसल्या बसल्या त्यानं तुझ्याखेरीज सगळ्यांना फोन लावले."

"मग?"

"मग काय! दादा पोचलाय म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं आपल्याला भलताच उशीर झाला. माझ्या तर छातीत धस्स झालं. म्हटलं दादा आलाय म्हणजे लग्न लागून जेवणंसुद्धा उरकली. हे दाढी अर्धी टाकून निघाले. विहीणबाई रिक्षातच केस विंचरत आल्या. सगळे इथे आहेत, बेबी. साडेतीनला. फोटोग्राफरसुद्धा आलाय."

मावशीला क्षणभर आनंदच झाला. "चांगलं झालं की! बसा गप्पा मारत."

"गप्पा कसल्या? सगळ्यांनी चिठ्ठ्या ताडून बघितल्या."

"दाखवू नका म्हणून लिहिलं होतं ना मी!"

"म्हणून तर आधी त्याच काढल्या. मग दादानं फोटोग्राफरला विचारलं, बाबा रे, खरी वेळ कुठली. तो भोळा, त्यानं सांगितलं पाच वीस. झालं. ह्यांनी कागद घेतला आणि पाच वीसमधून प्रत्येकाची वेळ वजा केली. घरात कुणाबद्दल तुझं काय मत आहे ते आता मिनिटांत लिहिलेलं आहे आमच्यापुढे."

मागून दादाचा आवाज आला, "एकशे दहा मिनिटं! विचार तिला, एकशे दहा! मी माणूस आहे का मालगाडी?"

"दादाला राग येणारच गं," मावशी म्हणाली. "बाकीचे?"

"वहिनीला वाटतं साठ मिनिटं म्हणजे तिला नवऱ्याच्याच माळेत ओवलं. ह्यांना पस्तीस आणि मला चाळीस, म्हणून हे मघापासून मिशीत हसताहेत. आणि तुझा नवरा कामावरून थेट आला तो कोपऱ्यात जाऊन बसलाय. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराची पंचवीस मिनिटं झाली म्हणतो."

"आणि विहीणबाई?"

ताईने आवाज खाली आणला. "त्या सगळ्यांत जास्त भडकल्यात. तीस वर्षांत शाळेची घंटा एकदाही चुकली नाही म्हणे, आणि मला दहा मिनिटं? मला? बेबी, तू ये बाई आता. दादा तर तुझीच वाट बघतोय. म्हणतो, येऊ दे, समोरासमोरच विचारतो."

"आलेच," मावशी म्हणाली.

आणि तिने फोन बंद करून टाकला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ती हेही शिकली होती की दुखऱ्या दाताला लगेच हात लावायचा नसतो, ठणका थोडा बसू द्यावा लागतो. पाच वीसपर्यंत सगळे थकतील, राग ओसरेल, आणि फोटो काढताना हसावं तर लागतंच. पर्समध्ये बंद फोन टाकून ती पार्लरला गेली, सव्वा तास डोळे मिटून खुर्चीत बसली, आणि तिथूनच रिक्षा करून हॉलवर आली. फाटकाशी उतरली तेव्हा बरोबर पाच पंधरा झाले होते.

बागेत ऊन नव्हतं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. घरचे लोक खुर्च्यांवर सांडल्यासारखे बसले होते आणि फोटोग्राफर चहा पीत होता.

"चला, चला," मावशी उसन्या उत्साहाने म्हणाली. "फोटो!"

"झाला," भावोजी म्हणाले.

"काय झाला?"

फोटोग्राफर कप ठेवून पुढे आला. "ढग आले हो मॅडम. पावणेपाचलाच बघितलं मी, पाच वीसला इथे ऊन पडणार नव्हतं. पण तेव्हा उजेड बरा होता आणि माणसं सगळी हजर. म्हटलं, घेऊन टाकू. असं नशीब रोज नसतं, पंधराच्या पंधरा जण अर्धा तास आधी!"

"आणि मी?"

त्याने खिशातून यादी काढली. पंधरा नावं होती, पंधरांपुढे खुणा होत्या. "यादी बघूनच घेतला. अक्षर तुमचंच आहे."

मावशीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. भाची होती, जावई होते, ताई, दादा, विहीणबाई, सगळे होते. इतकी वर्षं माणसं मोजताना स्वतःला मोजायची तिला सवयच लागली नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि पार्लरवालीने सव्वा तास खपून रेखलेलं काजळ आता गालावर येणार हे कळूनही तिला ते थांबवता येईना.

 जो तो भांडण्यासाठी शब्द जुळवून बसला होता, पण रडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? विहीणबाईंनी दहा मिनिटं तिथल्या तिथे माफ केली आणि पर्समधून रुमाल काढून दिला.

"परत काढायचा," भाची उठून उभी राहिली. "आत्ता."

"उजेड नाही," फोटोग्राफर म्हणाला.

"मग दिवा लावा! लग्न दिव्याच्या उजेडात लागतं, तर फोटो का नाही निघणार?"

फोटोग्राफरने आकाशाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि मुकाट्याने फ्लॅश जोडायला घेतला. लोक गुडघ्यांवर हात टेकत उठले. मधल्या पायरीवर, अगदी मध्यात, भाचीने मावशीला उभं केलं. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, पंचवीस मिनिटांचा राग गिळून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "अगंबाई, हे कुठे गेले?"

दादा नव्हता.

"फोटो झाल्या झाल्या गाडी घेऊन गेलेत," भावोजी म्हणाले. "कुठे ते बोलले नाहीत. तोंड मात्र लाल होतं."

"सगळा दिवस रागातच होता," ताई म्हणाली.

आणि मग, कुणी न सांगता, चौदा माना मावशीकडे वळल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तीस वर्षांची सवय होती. मावशीचाही एक पाय आपोआप खालच्या पायरीवर गेला. दादा रागावून गेलाय, आपल्यामुळे गेलाय, फार लांब गेला नसेल, वीसच्या वेगाने जाऊन जाऊन जाणार कुठे? रिक्षा केली तर दहा मिनिटांत गाठता येईल.

तिने पाय परत वर घेतला.

"काढा," ती फोटोग्राफरला म्हणाली.

"बेबी, अगं दादा..."

"येईल तो. काढा."

फ्लॅश चमकला. घड्याळात पाच वीस झाले होते. फोटोग्राफरने आणखी दोनदा चमकवला आणि बरोबर पाच मिनिटांनी फाटकातून दादाची गाडी आत आली. ती नेहमीपेक्षा जोरात आली, इतकी की वहिनी घाबरून दोन पायऱ्या वर चढली. दादा उतरला. शर्ट घामाने भिजला होता, आणि मावशीला मधल्या पायरीवर बघून तो होता तिथेच थांबला.

"तू इथे?" तो ओरडला. "वीस मिनिटं तुझ्या दाराची बेल वाजवतोय मी! शेजारचे बाहेर आले! फोन बंद, दार बंद, म्हटलं आत पडली-बिडली की काय!"

"तू माझ्याकडे कशाला गेला होतास?"

"भांडायला शोधत होतो तुला. सगळीकडे बघितलं. शेवटी ह्याच्या कॅमेऱ्यात बघितलं, तर तिथेही नाहीस." दादाचा आवाज जरा खाली आला. "मग म्हटलं, तुला घेऊन यावं."

 आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला आणायला गेलं होतं, आणि ती घरी नव्हती.

दादाने पायऱ्यांकडे पाहिलं, फ्लॅशकडे पाहिलं. "आणि हे काय? मला सोडून काढलात?"

"हो," मावशी म्हणाली. "मीच काढायला सांगितलं."

 दुपारपासून साठवलेलं भांडण दादाच्या तोंडाशी आलेलं सगळ्यांना दिसत होतं. त्याने कपाळाचा घाम पुसला, एकेक पायरी चढत तो मावशीजवळ आला आणि तिच्या मनगटावरच्या घड्याळात वाकून बघू लागला.

"किती उशीर झाला मला?"

"पाच मिनिटं."

"एकशे दहा नाही ना?"

"नाही. पाचच."

"मग त्या चिठ्ठीवर तसं लिही," दादा म्हणाला, "आणि खाली सही कर."