वारा विचारणारा नितेश

माणूस भेटला की आपण त्याचे कुशल विचारतो. नितेश वारा विचारतो. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पात तो प्रथम आला तेव्हा हातातली बॅग खाली ठेवण्यापूर्वी त्याने मला केलेला पहिला प्रश्न असा होता : "काका, हितं वारा कुठला असतो?"

मी त्यास सांगितले की या कॅम्पात नव्या माणसाने प्रथम इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, चौकशी करावी, नंतर मेसच्या वेळेची, आणि काही अडचण उद्भवल्यास माझी. कारण मी येथे नावाला स्टोअरकीपर असलो तरी चारशे माणसांचे अर्ज माझ्या हातून जातात. रजा, बदली, पगारवाढ, माफी, सर्व. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु अर्ज लिहिण्यास पदवी लागत नाही, वजन लागते. प्रथम मी मराठीत मसुदा करतो, मोबाईल त्याचे इंग्रजी करतो, आणि मग त्यात नम्रता मी स्वहस्ते भरतो. माझा माफीचा अर्ज आजवर एकदाही परत आलेला नाही.

नितेशने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "ता ठीक. पन वारा?"

तो पाइप फिटर. वय सव्वीस. गाव कोकणात, खाडीच्या काठी. आणि खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने. कोकण म्हटल्यावर आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे नारळ येतो. नितेशच्या गावात घरोघरी छपरावर बांबू, आणि त्या बांबूला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. चिंधी गावाकडे वळली की वाळवणे आत, पोरे आत, खिडक्या बंद. शाळेत सुद्धा गुरुजी फळ्यावर वार आणि तारीख लिहिण्याआधी दारात जाऊन चिंधी बघून येत.

त्याने पहिल्याच आठवड्यात खोलीच्या खिडकीबाहेर गजाला एक चिंधी बांधली. खोलीतल्या गोरखपूरच्या यादवजींनी विचारले, "क्यों भाई, मन्नत माँगी है?" तो म्हणाला, "नहीं, हवा देखता हूँ." त्या दिवसापासून त्याचे नाव हवामान खाते पडले. मेसमध्ये जागा धरतानाही तो आधी पंखा बघे, मग दार, मग माणसे. लोक मुद्दाम विचारीत, "हवामान खाते, आज दाल में बारिश है क्या?" तो ताटात बघून गंभीरपणे सांगे, "पानी जास्ती है. बारिश हो गई."

परंतु त्याच्या सर्वच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. उदाहरणार्थ शुक्रवार. आम्हां सर्वांना शुक्रवार म्हणजे सुटी, बिर्याणी, घरी व्हिडिओ कॉल. नितेश शुक्रवारी सकाळपासून अस्वस्थ. खिडकी बंद, दाराखाली ओला टॉवेल. मी कारण विचारले तेव्हा माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखा तो म्हणाला, "सुट्टीच्याच दिवशी गॅस सोडतात, काका. तपासायला कोन येनार नसतो ना." त्याच्या गावची मुले दिवाळीची सुटी लागली की रडत असत, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकले.

एकदा कंपनीच्या बसने आम्ही समुद्रावर गेलो. पाणी निळेशार. सर्वांनी फोटो काढले. नितेशने एक बोट पाण्यात बुडवले, वर काढले आणि उन्हात धरून बराच वेळ त्याचा रंग बदलतो का, ते पाहिले. मी म्हटले, "अरे, समुद्र आहे तो." तो म्हणाला, "एवढा निळा? कायतरी घातलानी असंल." त्याच्या खाडीला सोमवारी एक रंग असे व गुरुवारी दुसरा. पाण्याला स्वतःचा रंग असतो, हेच त्यास पटत नव्हते.

एक गोष्ट तो कोणास सांगत नसे. मला सांगितली, कारण जमिनीचा कागद माझ्याकडून लिहून घ्यायचा होता. गावापासून दूर, डोंगरापलीकडे, जिथे कारखान्याचा वारा पोहोचत नाही, अशा जागी त्याने दोन गुंठे जमीन ठरवली होती. तेथे घर बांधून आईला न्यायचे. त्यासाठी आणखी तीन वर्षे जुबैल. कारखान्याच्या वासातून आईला सोडवण्यासाठी मुलगा याहून मोठ्या कारखान्यांच्या शहरात येऊन राहिला होता. मी हे त्यास बोलून दाखवले. तो म्हणाला, "हितं निदान पगार देतात वासाचा."

आता मुख्य प्रकार.

शटडाऊनचे काम चालू होते. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. त्यात तासातासाचा हिशेब वर द्यावा लागतो. नितेश पाच माणसांसह उंचावर पाइप उघडण्याच्या कामावर होता. सकाळी दहाच्या सुमारास त्याने पाना खाली ठेवला व म्हणाला, "उतरा. वास येतोय." यादवजी म्हणाले, "अरे, मीटर तो ज़ीरो है." तो म्हणाला, "उतरो पहले. हवा के आड़े चलो, पीछे मत देखो." त्याचा चेहरा पाहून पाचही माणसे उतरली. त्यांचे बघून शेजारची टोळी उतरली, मग तिसरी. सेफ्टीवाला गॅस मोजायचे मीटर घेऊन धावला. शून्य. पुन्हा तपासले. शून्य. दुपारपर्यंत काम बंद राहिले आणि सापडले काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाबूने त्यास बोलावले. तो माणूस वाईट नव्हे. तो म्हणाला, "लिखके लाओ, बास नहीं था, ऊँचाई से डर लगा, गलती हो गई. एक वॉर्निंग देके छोड़ देंगे. कल बारा बजे तक. नहीं लाया तो खुरूज." खुरूज म्हणजे कायमची पाठवणी, मग जुबैल नाही, दोन गुंठे नाहीत, काही नाही.

नितेश माझ्याकडे आला तेव्हा मी मसुदा करूनच ठेवला होता. मी वाचून दाखवला : "प्रत्यक्षात कोणताही वास आलेला नसताना, अज्ञानापोटी व घरगुती चिंतेमुळे माझ्याकडून..."

"ह्या नको," तो म्हणाला.

"काय नको? घरगुती चिंता काढू?"

"वास नव्हता, ता काढा."

मी त्यास समजावले की त्या एका वाक्यासाठीच सारा अर्ज आहे. बाकीची नम्रता आहे. मीटर शून्य दाखवते, सेफ्टीवाला शून्य म्हणतो, तुझ्या नाकाला कोण विचारतो? तो खाली बसला. मग इतक्या दिवसांत कधी बोलला नव्हता इतके बोलला.

"मी नऊ वर्षांचा होतो, काका. खाडीत मासा मेला, सगळा पांढरा तरंगत. साहेब लोक आले पंचनाम्याला. पाच जनांच्या सह्या हव्या होत्या. बाबानं पयली सही केलान. 'कोणताही वास आढळून आला नाही.' पुढच्या महिन्यात त्याच कंपनीच्या गेटावर वॉचमन लागला."

"मग? घर चालले ना?"

"चाललं. जेवलो आमी त्याच्यावर. तेच तर. आईचं नाक तवाच गेलं होतं. तिला कायच वास येत नाय, आजून नाय. मीच तिचा नाक. सकाळी मला अंगनात उभा करायची, सांग रे, कपडे घालू का वाळत? त्या दिवशी बाबा सही करून घरी आला, तर आईनं इचारलान, 'येतो काय वो वास?' बाबा म्हनाला, 'नाय.' मग तिनं माझ्याकडं बघितलान."

"तू काय म्हणालास?"

"मीपन म्हटलं, नाय. ती कपडे घेऊन भायेर गेली."

मी म्हटले, "नितेश, हे जुबैल आहे. इथे तुझी आई नाही. इथे खरेच काही सापडले नाही."

"नसंल. माझं चुकलं पन असंल. पन मला आला होता, काका. आला होता, एवढंच लिवा."

मी त्यास सुचवले की 'आल्यासारखा भास झाला' असे लिहू. भास हा शब्द मी अनेकांसाठी वापरला आहे. तो दोन्ही बाजूंना चालतो. तो नको म्हणाला. अखेर चौदा वर्षांत प्रथमच मी एका ओळीचा अर्ज टाइप केला. त्यात नम्रता भरण्यास जागाच नव्हती. त्याने सही केली, आणि बारा वाजण्याच्या आत स्वतः नेऊन दिला. बाबूने तो दोनदा वाचला आणि मला फोन करून विचारले, "ये आपने लिखा है?" मी म्हटले, "जी, मैंने ही लिखा है." मला वाटले होते, हे सांगताना माझा आवाज पडेल.

चार दिवसांत त्याचे तिकीट आले. दमामच्या विमानतळावर नेणारी गाडी दुपारची होती. मी निरोपास खोलीवर गेलो तेव्हा तो बॅग भरीत होता आणि मोबाईल गादीवर स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे त्याची आई.

"येतंस? खराच?"

"व्हय गो. परवा घरी."

"बरा झाला बाबा. रोज भात करपतो, मला कळतच नाय. शेजारची येऊन सांगते तवा चूल विझवते." मग तिने विचारले, "पन असा मधीच कसा सोडलानी तुला?"

नितेशचे हात शर्टाची घडी घालता घालता थांबले. ज्याने ऑफिसात एक शब्द बदलला नाही, त्याला आईपुढे एकही शब्द सापडेना. त्याने माझ्याकडे पाहिले.

मी मोबाईलजवळ वाकलो आणि माझ्या नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हटले, "ताई, मी कॅम्पातला अर्ज लिहिणारा बोलतो. नितेशची मोठी रजा मंजूर झाली आहे. अर्ज मीच लिहिला होता."