फलक हिरवा राहावा म्हणून

टीम सहा होत्या, डेटाबेसही सहा होते, आणि कोणत्या डेटाबेसवर कोणता बदल कधी चढवला हे टिपून ठेवायच्या पद्धती सात होत्या. गोदामवाल्यांची एक एक्सेल शीट होती. डिलिव्हरीवाले चॅटच्या ग्रुपवर 'चढवला' एवढंच लिहीत. काय चढवलं, ते ज्याने चढवलं त्यालाच ठाऊक. शोधवाल्यांची यादी काचेच्या भिंतीवर मार्करने लिहिलेली असे आणि सफाईच्या मावशी ती दर सोमवारी इमानेइतबारे पुसत. तक्रारवाल्यांकडे वही होती. मोबाइलवाल्यांची सगळी नोंद एका माणसाच्या डोक्यात होती. आणि अहवालवाल्यांकडे दोन याद्या होत्या, ज्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं.

ही मोजणी जिने केली तिला ऑफिसात सगळे मोजणीताई म्हणत. सत्ताविसाव्या वर्षी ताई व्हायची तिला हौस नव्हती, पण विज्ञानाची पदवी आणि प्रत्येक गोष्ट मोजायची खोड या दोन्हींचा परिणाम व्हायचा तो झाला होता.

कंपनी घरबसल्या टेबल-खुर्च्या विकायची. तिथे डेटाबेसवर बदल चढवणं म्हणजे भरलेल्या कपाटात एखादा कप्पा वाढवणं किंवा काढणं. काम साधं. पण एकाने काढलेल्या कप्प्यात दुसऱ्याचं सामान असलं की साधेपणा संपतो. तसंच झालं. गोदामवाल्यांनी 'जुना पत्ता' नावाचा कप्पा निरुपयोगी समजून काढून टाकला. डिलिव्हरीवाले नेमका तोच वाचत होते. पत्ता मिळेना म्हणून त्यांच्या प्रणालीने कंपनीचाच पत्ता धरला आणि दोनशे चौदा खुर्च्या दोन दिवसांत ऑफिसच्या दारात येऊन पडल्या. तिसऱ्या दिवशी स्वागतकक्षातल्या बाई कुठे बसल्यात हे शोधावं लागत होतं.

या खुर्च्यांपायी मोजणीताईची रजा रद्द झाली. दुसऱ्यांदा. तिच्या थोरल्या बहिणीला चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि मावशीने भाचीला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं.

"निवांत ये," बहीण म्हणाली. "तिला दात आले की ये. नाहीतर थेट शाळेत घालायलाच ये. तुमच्या त्या डेटाबेसला आईबाप नाहीत का गं कोणी?"

आईबाप होते, सहा जोड्या होत्या, अडचण तीच होती. पण हे बहिणीला समजावण्यापेक्षा मोजणीताई तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनाही खुर्च्यांतून वाट काढून केबिन गाठावी लागत असल्यामुळे ते ऐकायच्या मनःस्थितीत होते. सगळ्यांची नोंद एकाच जागी होईल अशी व्यवस्था कर, असं त्यांनी सांगितलं. "पाच आठवडे चालव. मुख्य कार्यालयाच्या तपासनीस बाई येऊन पडताळा घेतील. एकही बदल नोंदीबाहेर निघाला नाही, तर त्याच संध्याकाळी बॅग उचल. निघाला, तर तो निस्तरेपर्यंत कुठेही जायचं नाही."

तिने चार दिवसांत संगणकावर एक फलक तयार केला. बदल चढवण्याआधी टीमने त्यात नोंद करायची, की टीमच्या नावापुढे हिरवा ठिपका. नोंद न करता चढवला, तर लाल. तीन दिवसांत काहीच चढवलं नाही, तर पिवळा. म्हणजे 'काही हालचाल नाही', बस्स. पिवळा निवडताना तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

साहेबांना फलक इतका आवडला की त्यांनी तो चहाच्या मशीनशेजारी मोठ्या पडद्यावर लावला. दुसऱ्या दिवशी कप भरता भरता त्यांनी सहज विचारलं, "हे पिवळेवाले झोपलेत काय?"

एवढं पुरे झालं. त्या आठवड्यात नऊ बदल चढले होते. पुढच्या आठवड्यात एकशे बेचाळीस चढले. मोजणीताईला आधी वाटलं, आकडा चुकला. तिने पुन्हा मोजलं. एकशे बेचाळीसच. तिने मोबाइलवाल्यांच्या आजोबांना गाठलं. आजोबा अडतीस वर्षांचे होते, पण कंपनीत सर्वांत जुने. सगळी नोंद डोक्यात ठेवणारे ते हेच.

"आजोबा, सकाळी दहाला तुम्ही एक कप्पा वाढवलाय आणि संध्याकाळी पाचला तोच काढलाय. रोज."

"नोंद केलीये ना पण? दोन्हींची?"

"केलीये. पण कशासाठी?"

"फलक हिरवा राहावा म्हणून," आजोबा शांतपणे म्हणाले. "साहेब चहाला अकराला येतात."

तिने कपाळाला हात लावला. जागेवर येऊन पिवळा रंग काढून टाकला. दहा मिनिटांचं काम, तिथल्या तिथे झालं. पण तोवर साहेबांना एकशे बेचाळीसची गोडी लागली होती. कोणाचे किती बदल झाले तेही दाखव, म्हणाले. तिने परोपरीने सांगितलं की जास्त बदल म्हणजे जास्त काम नव्हे. घरातलं कपाट दिवसातून वीसदा हलवणाऱ्या माणसाला आपण कष्टाळू म्हणत नाही. साहेबांनी मान डोलावली आणि आकडे मोठ्या अक्षरांत हवेत असं सांगितलं. तेही तिने केलं. मग डिलिव्हरीवाल्यांनी तक्रार केली की त्यांचं नाव सगळ्यात खाली का. तिने नावांचा क्रम रोज बदलता ठेवला. मग रोज नाव सापडत नाही अशी तक्रार सहाही टीमनी केली.

तिसऱ्या आठवड्यात शोधवाल्यांनी संध्याकाळचा खोटा कप्पा काढताना हात चुकून खरा काढला. त्यात सामानाचे रंग होते. दुपारभर कंपनीच्या एकाही सोफ्याला रंग नव्हता, आणि लाल सोफा शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळेच सोफे दिसत होते. फलकावर मात्र शोधवाले हिरवेगार. नोंद चोख होती, वेळेसकट.

आता मात्र मोजणीताईचा संयम संपला. प्रत्येक नोंदीसोबत कारण लिहिलंच पाहिजे, अशी रिकामी चौकट तिने त्याच दुपारी फलकात घातली. आजोबांच्या टीमने लिहिलं, 'गरज'. गोदामवाल्यांनी लिहिलं, 'असंच'. तक्रारवाल्यांनी नुसतं एक टिंब दिलं. तिने टिंब बंद केलं. त्यांनी दोन टिंबं दिली. तिने किमान वीस अक्षरांची अट घातली, तर सहाही टीमकडून शब्दशः एकच वाक्य येऊ लागलं. कोणीतरी ते ग्रुपवर टाकलं होतं आणि वरती 'हे चालतंय' असंही लिहिलं होतं.

रोज संध्याकाळी ती असा काही ना काही टाका घालत होती आणि रोज सकाळी पठ्ठे दुसरीकडून उसवत होते. पण हळूहळू एक गोष्ट झाली. खोटं वाक्य चिकटवण्यापेक्षा खोटा बदल न करणं सोपं आहे, हे एकेकाच्या लक्षात आलं. चौथ्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी बदल झाले. पाचव्यात अकरा. अकराही खरे. आजोबांनी तर एका नोंदीत चार ओळींचं कारण लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. डोक्यातलं बाहेर येताना त्यांना बराच त्रास झाल्याचं वाक्यरचनेवरून कळत होतं.

शुक्रवारी दुपारी तपासनीस बाई आल्या. मोजणीताईची बॅग टेबलाखाली होती, सहाची गाडी होती. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. कंपनीच्या संगणकांवर जेवढे डेटाबेस असतील तेवढे स्वतः शोधायचे, त्यांवर खरोखर काय चढलंय ते वाचायचं आणि नोंदींशी ताडून पाहायचं, असा त्यांचा प्रोग्राम होता. साहेब मागे उभे राहिले. सहा टीमचे सहा प्रमुख, दहावीचा निकाल लागत असावा तसे, दाटीवाटीने येऊन थांबले.

गोदाम जुळलं. डिलिव्हरी जुळलं. शोध, तक्रार, मोबाइल आणि दोन याद्यांचे अहवालवालेसुद्धा जुळले. आजोबांनी कोणी पाहत नाहीसं बघून स्वतःचीच पाठ थोपटली. साहेब म्हणाले, "नीघ आता. भाचीला माझ्याकडून—"

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून चालू आहे. इथे सातवा दिसतोय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गोदामवाले म्हणाले आमचा नाही. डिलिव्हरीवाले म्हणाले आमचा तर नाहीच.

"मग कोणाचा आहे हा?" बाईंनी विचारलं.

मोजणीताईने टेबलाखालची बॅग पायाने थोडी आत सरकवली.

"फलकाचा," ती म्हणाली. "फलकाच्या नोंदी ज्यात साठतात, तो."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि ताडून पाहायची कळ दाबली. पडद्यावर सातवी ओळ उमटली. पाच आठवड्यांत चढलेले बदल: सदतीस. नोंदवलेले: शून्य.