तात्यांची जूनमधली नातवंडं

रंगराव तात्यांना मूलबाळ नाही. पण दर जूनमध्ये त्यांना एक नवं नातवंड होतं.

याला कारण आमचं कॉलेज. आष्ट्याकडची ही उसाची जमीन तात्यांच्या वडिलांनी कॉलेजला दिली. तेव्हापासून एक जागा त्यांच्या घरच्या मुलासाठी राखून ठेवायची रीत आहे. मी इथला हेडक्लार्क. "तात्या, घरात मूल नाही, जागा सोडून द्या की," असं मी एकदा म्हणून बघितलं.

"घरात पोर न्हाई, ह्यात जागंचा काय दोष हाय?" तात्या म्हणाले.

मग महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्याचा मुलगा त्यांचा नातू झाला, कोयनानगरची एक मुलगी नात झाली. मार्कांत थोडक्यात हुकलेलं कुठलंही पोर तात्यांना चालतं. आठवडाभर ते त्याला घरी ठेवून घेतात आणि नातं शिकवतात. म्हशीचं नाव काय, आजोबा मिलिटरीत कुठं होते, आजीचा कुठला गुडघा दुखतो. घरचंच पोर आहे ना हे बघायला जुने प्राचार्य मुलाखतीत हटकून गुडघ्याचंच विचारायचे. एकानं "डावा" म्हटलं, तेव्हा दाराबाहेरून तात्या ओरडले, "उजवा रं गड्या!" प्राचार्यांनी हसत चहा मागवला आणि प्रवेश दिला.

गेल्या थंडीत आजी, म्हणजे तात्यांच्या बायको, वारल्या. तात्यांनी शिकवणी मात्र बदलली नाही. यंदाची नात जतकडच्या मेंढपाळाची, आरती. ही जागा हुकली तर दिवाळीनंतर तिचं लग्न लावून द्यायचं घरच्यांनी ठरवलेलं. त्यात प्राचार्य नवे, आणि कडक. मुलाखतीला फाईल घेऊन मी शेजारी उभा होतो.

"आजीचा कुठला गुडघा दुखतो?" नव्या साहेबांनी विचारलं. त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

 आरती म्हणाली, "उजवा म्हणून सांग, असं सांगितलंय. पण आजी न्हाईत, सर. आजोबा अजून दोन ताटं वाढत्यात. दुसऱ्या ताटावर कुणी बसलं न्हाई, तर त्यांना घास उतरत न्हाई. म्हणून मी बसते."

साहेबांनी माझ्या हातातली फाईल घेऊन सही केली. मग मला म्हणाले, "घरचीच आहे. घ्या."

तात्या दाराला कान लावूनच उभे होते. बाहेर येऊन मी म्हणालो, "झालं तात्या, मिळाला प्रवेश." त्यांचं लक्ष नव्हतं. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

"ताटाचं मी तिला शिकवलं न्हवतं रं," ते म्हणाले.