चौकशी सुरू आहे

सोमवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९९९, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. सांगलीच्या ग्राहक तक्रार मार्गदर्शन कक्षात वरिष्ठ लिपिक बाळासो यांच्या टेबलावर त्यांचे मेहुणे, आष्ट्याचे निवृत्त हवालदार लालासाहेब, यांनी एक पिवळं पत्रक ठेवलं आणि विचारलं, "दाजी, ह्ये खरं का खोटं?"

पत्रकावर कोट-टाय घातलेले उद्योगगुरू वरद सर हसत होते. त्यांच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात पृथ्वी होती. खाली मजकूर होता : 'इंटरनेटवरून घरबसल्या महिना एक लाख कमवा! पंधरा दिवसांत गुरुमंत्र. फी फक्त पंचवीस हजार. प्रवेश शनिवारी सायंकाळी सहापर्यंत. चौकशी सुरू.'

सोळा वर्षांच्या नोकरीनंतर बाळासोंना खोटा कागद वाचावा लागत नसे, लांबून वास यायचा. "खोटं असावं," ते म्हणाले.

"असावं म्हंजे? हाय का न्हाई?"

"आहेच म्हणा."

"मग तसा कागद द्या. फौजेत तोंडी हुकूम चालत न्हाई." लालासाहेबांनी फौजेतून आलेले पैसे आष्ट्यात पिठाची गिरणी टाकायला राखून ठेवले होते. गिरणी की गुरू, हे शनिवारपर्यंत ठरायचं होतं. "तुमी लिहून द्या खोटं हाय, की मी गिरणीवाल्याकडं गेलोच समजा. तुमचा शबूद खाली पडू द्यायचा न्हाई."

बाळासो हरखले. मेहुण्याने आपला शब्द मानण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ होती. मात्र सरकारी माणसाला स्वतःचं मत नसतं, अहवाल असतो. अहवालाला चौकशी लागते आणि चौकशीला अर्ज. त्यांनी मेहुण्याकडून अर्ज लिहून घेतला, त्यावर आवक क्रमांक ४१७ टाकला आणि त्याच दुपारी वरद सरांना नोटीस धाडली : 'आपल्या अभ्यासक्रमाची चौकशी करण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी.'

वरद सरांनी नोंद घेतली. मंगळवारी नोटीस मोठी करून, लॅमिनेट होऊन त्यांच्या वर्गाच्या दारावर लागली. वर लाल अक्षरं होती : 'आता शासनाकडूनही चौकशी सुरू! आपण मागे का?'

संध्याकाळी लालासाहेब घरी आले ते पेढे घेऊनच. "दाजी, दारावर तुमची सही हाय की! लय झ्याक दिसतीया."

"अहो, ती नोटीस आहे. चौकशीची."

"तेच म्हनतोय मी. आमच्या पोरीच्या, पूजाच्या सोयरिकीला आमी चौकशी केली, ती काय चोराच्या घरची केली व्हय? चांगल्या घराचीच करत्यात चौकशी."

बाळासोंची बायको अंजना स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा म्हणतोय त्यात खोटं काय आहे?" बाळासोंनी पेढा खाल्ला आणि उद्या तातडीने कारवाई करण्याचं ठरवलं.

बुधवारी कारवाई सुरू झाली. इंटरनेट कोणत्या खात्याकडे येतं, एवढंच आधी ठरवायचं होतं. शिक्षण खात्याने कळवलं की हा विषय पुस्तकात नाही. उद्योग खात्याने कळवलं की घरी बसून जे चालतं त्याला उद्योग म्हणता येत नाही. टेलिफोनवाल्यांनी सांगितलं, तार आमची आहे, तारेतून काय जातं ते आम्ही बघत नाही. करमणूक कर विभागाने मात्र आस्थेने विचारलं, "खुर्च्या किती आहेत?" प्रत्येक खात्याने कागदावर आपापला गोल शिक्का मारून तो परत पाठवला. या सगळ्या पत्रांच्या प्रती नियमानुसार 'माहितीसाठी' वरद सरांनाही गेल्या. गुरुवारी सकाळी त्यांच्या दारावर, आधीच्या नोटिशीचा धरून, पाच शिक्के होते.

गुरुवारी दुपारी बाळासो स्वतः पाहणीला गेले. वर्गाच्या हॉलमध्ये फुकटचा नमुना तास बघायला साठ माणसं बसली होती. वरद सरांनी संगणक फोनला जोडला. मोडेम किंचाळला, तसे पहिल्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले. पंचवीस मिनिटांनी पडद्यावर वरद सरांचं कपाळ उमटलं. बाकीचा चेहरा येईपर्यंत सरांनी प्रश्न घेतले.

जतहून आलेले बिराप्पा उठले. "सर, माज्या शंभर मेंढ्या हायत. ह्यात इकता येतील का?"

"मेंढी विकायचीच नाही, काका. मेंढी कशी विकावी, ते विकायचं."

"आनि मेंढी?"

"ती घरी राहते."

"मग तिला चारा कोन घालनार?"

"हाच जुना विचार!" सर म्हणाले, आणि साठ जणांनी बिराप्पांकडे कीव करून पाहिलं.

बाळासोंनी वहीत लिहिलं : 'हा इसम कोर्स विकण्याचा कोर्स विकतो. बोगस.' परत आल्यावर त्यांनी वही कक्ष अधिकारी चिंतामण साहेबांपुढे ठेवली.

साहेब आयुष्यात कोणत्याही वाक्यात कर्ता म्हणून सापडले नव्हते. "बाळासो, बोगस हा शब्द शासकीय पत्रव्यवहारात बसत नाही. आणि तुम्हाला इंटरनेटमधलं कळतं का?"

"नाही साहेब. पण मला माणसं कळतात."

"त्याची परीक्षा तुम्ही दिलेली नाही. तज्ज्ञाचं मत घ्या. जिल्ह्यात इंटरनेटचा तज्ज्ञ कोण आहे?"

शोध घेतला. कुपवाडच्या एका कारखान्यात संगणक होता, पण त्यावर फक्त पगारपत्रक निघायचं. जिल्ह्यात तज्ज्ञ एकच आढळले, ते म्हणजे वरद सर. शुक्रवारी त्यांना शासनाच्या गाडीने आणण्यात आलं, चहा देण्यात आला, आणि तज्ज्ञ समितीचे एकमेव सदस्य म्हणून आपल्या अभ्यासक्रमावर मत देण्याची विनंती करण्यात आली.

वरद सर तत्त्वाचे निघाले. "स्वतःविषयी मत देणं मला नैतिकदृष्ट्या योग्य वाटत नाही. मी तटस्थ राहतो."

साहेबांना भरून आलं. "असा माणूस आजकाल सापडत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी बाळासोंच्या अहवालाचा मसुदा स्वतः दुरुस्तीला घेतला. 'तज्ज्ञांनी प्रतिकूल मत नोंदवलेले नाही. तथापि अभ्यासक्रम बोगस आहे,' इथपर्यंत आल्यावर त्यांनी 'बोगस' खोडून 'संशयास्पद' केलं, 'संशयास्पद' खोडून 'विचारार्ह' केलं, आणि शेवटी, भाषेला डौल यावा म्हणून, 'अभ्यासनीय'. बाळासोंनी हरकत घेतली. साहेब म्हणाले, "अहो, अभ्यासक्रम अभ्यासनीय नसेल तर काय असेल?" बाळासोंनी पेन उघडलं. त्यांनी सही केली.

शनिवारी सकाळच्या पत्रकात सरांच्या हातातली पृथ्वी गेली होती आणि तिथे अहवाल आला होता. दुपारी साडेचारला अंजनाचा ऑफिसात फोन आला. "दादा पैसे घेऊन गेलाय बघा. म्हणाला, दाजींनी कागद दिला, आता मागं फिरायचं न्हाई."

बाळासो स्कूटरवरून हॉलवर पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. रांग रस्त्यापर्यंत आली होती. लालासाहेब फी भरायच्या खिडकीपासून अकरावे होते, छातीशी पिशवी धरून, परेडला उभं राहावं तसे ताठ.

"लालासाहेब, बाहेर या! सगळं खोटं आहे!"

"आता ओ? सहीशिक्क्यानिशी खरं केल्यावर?" लालासाहेबांनी मान वळवली नाही. "रांग मोडायची सवय न्हाई मला. म्हागून या, दाजी."

बाळासो पुढे सरकले तसा रांगेत गलका झाला. "ओ पाव्हणं, मधी घुसू नगा!" "सायेब असाल तर हापिसात!" कुणीतरी कॉलर धरून त्यांना मागे आणलं. मेहुण्यापर्यंत जायचा दुसरा मार्ग नव्हता. बाळासो रांगेच्या शेवटी उभे राहिले.

पुढच्या माणसाने मागे वळून निरखलं. "तुमीच न्हवं का, कागदावर सही असल्यालं?"

"होय. पण मी इथं..."

"सरकारच रांगेत हाय गड्या!" त्याने पुढे निरोप दिला. पाच मिनिटांत बाळासोंच्या मागे चौदा माणसं आली.

यातला कुणीही भोळा नव्हता. मागच्यापुढच्या प्रत्येकाला बाळासोंनी विचारलं, तेव्हा प्रत्येकाने एकच सांगितलं : आपला काही विश्वास नाही, नुसतं खरं की खोटं ते बघायला आलोय. त्यांत दोन प्राध्यापक होते, एक वकील होते, आणि वर्तमानपत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचणारे बरेच होते.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी लालासाहेबांच्या पुढे दोघे उरले होते आणि त्यांनी पिशवीचा बंद सोडला होता. रांगेचं टोक चौकाच्या पलीकडे गेलं होतं. तिथे थांबून कसली गर्दी म्हणून विचारणाऱ्याला मंडळी आपुलकीने सरकून जागा करून देत होती.