वाईट मित्राची तालीम

भूगोलाच्या सरांना वाईट मित्राचं काम मिळालं, कारण खेळाच्या सरांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं. “वर्गात माझी जरब आहे, ती घालवू का?” असं ते म्हणाले. भूगोलाच्या सरांकडे घालवायला जरब नव्हती.

शाळेत नववीसाठी जीवनकौशल्यांचा नवा तास सुरू झाला होता. कुणी नशेची वस्तू पुढे केली तर नाही कसं म्हणायचं, हे समुपदेशक बाई मुलांना शिकवत होत्या. आता खरी कसोटी होती. सोमवारी एक वाईट मित्र अचानक वर्गात शिरणार, मुलांना गळ घालणार आणि मुलांनी त्याला परतवून लावायचं.

पहिल्या तालमीत सरांनी पिठीसाखरेची छोटी पुडी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि विचारलं, “थोडं घेणार का? आग्रह नाही.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “सर, तुम्ही मुलांना बिघडवताय की पाहुण्यांना चहा विचारताय? आग्रह मुळमुळीत असला, तर मुलांचा नकारही मुळमुळीतच राहील. घरी आरशासमोर तालीम करा. आणि हो, तुमची मुलगी याच वर्गात आहे. घरात कुणाला चकार शब्द कळता कामा नये.”

सर आज्ञाधारक होते. घरात न्हाणीघराचं दार एकच असं होतं, ज्याला आतून कडी लागत असे. शनिवारी ते आत गेले, नळ सोडला आणि आरशातल्या स्वतःला गळ घालू लागले.

बाहेर त्यांची आई टॉवेल घेऊन नंबर लावून उभी होती. गुडघ्यांनी तिला दगा दिला होता, पण कानांनी नाही. नळाच्या आवाजातून तिला मुलाचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

“घे रे, एकदाच! काही होत नाही. मला बघ, मी रोज घेतो, मेलो का? घरी? घरी कुणाला पत्ता नाही. म्हातारीला तर वाटतं मी वह्या तपासतो!”

म्हातारी टॉवेलसकट स्वयंपाकघरात आली. “सूनबाई, गॅस बंद कर आणि खाली बस.”

सूनबाईंचा आधी विश्वास बसेना. मग त्यांना आठवलं, की गेले काही दिवस अहो एकटेच पुटपुटतात आणि खोलीत कुणी आलं की गप्प होतात. त्यांनी नवऱ्याची पिशवी उघडली. नकाशांच्या गुंडाळीत पांढऱ्या पुड्या निघाल्या. त्यांनी बोटानं कणभर जिभेवर ठेवलं.

“आई, हे तर गोड लागतंय.”

“सुरुवातीला गोडच लागतं, बाई,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला.

हा भाऊ, म्हणजे सरांचा मामा, पोलीसखात्यातून निवृत्त झालेला होता. खातं सुटलं तरी त्याची नजर सुटली नव्हती. रविवारी चहाच्या वेळेला तो आला, भाच्याला खुर्चीत बसवलं आणि टेबलावरचा दिवा त्याच्या तोंडावर वळवला. बाहेर लख्ख ऊन होतं.

“माल कोण देतं?”

“कसला माल, मामा?”

मामांनी पुडी टेबलावर टाकली. सरांनी पुडीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या मुलीकडे. खरं सांगावं तर उद्याचा प्रयोग फसणार, न सांगावं तर आजच फास बसणार.

“सोमवारपर्यंत थांबा,” ते कळवळून म्हणाले. “सोमवारी सगळं संपेल.”

“सगळे असंच म्हणतात,” आईनं डोळ्यांना पदर लावला. “सोमवारपासून सोडतो!”

सर उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळानं मुलगी शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, “बाबा, मी ओरडणार नाही. कुणी आग्रह केला का तुम्हाला?”

सरांनी हसू दाबलं. “हो. एका बाईंनी.”

“मग नाही म्हणायचं. छोटं वाक्य, कारणं द्यायची नाहीत आणि तिथून निघायचं. मला जमलं, तुम्हालाही जमेल.”

“तुला कुठे जमलं?”

ती जरा घुटमळली. “क्लासच्या जिन्यात. वरच्या वर्गातली ताई ती पेनसारखी सिगारेट ओढते. मला म्हणाली, ओढून बघ. मी नाही म्हटलं. तेव्हापासून सगळ्या मला कुक्कुलं बाळ म्हणतात. माझ्याजवळ कुणी बसत नाही.”

सर ताडकन उठणार होते. क्लास, जिना, ती ताई, तिचे आईवडील, सगळ्यांचा त्यांना एकदम समाचार घ्यायचा होता. पण ही आत्ताच ‘मी ओरडणार नाही’ म्हणाली होती. त्यांनी कठडा घट्ट धरला.

“घरी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही क्लासच बंद केला असता.”

खरंच केला असता. सरांनी कठडा सोडला. मग म्हणाले, “नाही करणार. आपण दोघं मिळून क्लासच्या सरांशी बोलू. चालेल?”

तिनं मान डोलावली. “आणि परवा एक मुलगी माझ्या बाकावर येऊन बसली. म्हणाली, तिलाही नको होतं.”

सोमवारी काळा चष्मा लावून सर वर्गात शिरले आणि जीव तोडून आग्रह करू लागले. त्यांची मुलगी क्षणभर थिजली, मग बाकावर डोकं ठेवून खदखदा हसली. मुलंही धिटाईनं एकेक नकार देत होती. एवढ्यात दार धाडकन उघडलं. भाच्याच्या पाळतीवर आलेले मामा आत घुसले. “हात वर! मुलांना माल विकतोस?”

वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. मुलांना वाटलं, दुसरा अंक सुरू झाला. बाईंनी घाईघाईनं कानाशी लागून मामांना सगळं समजावलं. मामांचा चेहरा पडला. ओशाळून घाम पुसायला त्यांनी खिशातला रुमाल ओढला, तशी त्याच्याबरोबर सिगारेटचं पाकीट टपकन पहिल्या बाकाशी पडलं.

“आजोबा, हेही नाटकातलं का?” एका मुलीनं विचारलं.

मामांनी आयुष्यभर गुन्हेगारांना बोलतं केलं होतं. पण एवढे डोळे एकदम त्यांच्यावर कधी रोखले गेले नव्हते.

“नाही,” ते खुर्चीत बसले. “खरं आहे. नोकरीत नवा होतो. साहेबांनी पुढे केली. साहेबांना नाही कसं म्हणणार?”

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, “मग आज म्हणून बघा.”

सरांनी फळ्याजवळचा खडू उचलून मामांपुढे धरला. “घ्या हो मामा, एकच!”

“नाही!” मामा असे गरजले, की शेजारचा अख्खा वर्ग उठून उभा राहिला.

टाळ्या थांबल्यावर सरांची मुलगी म्हणाली, “आवाज एकदम मस्त, आजोबा. पण हात?”

मामांनी खाली पाहिलं. उजवा हात केव्हाच पुढे आला होता, दोन बोटं नीट उघडून.

त्यांनी तो हात मुकाट्यानं पाठीमागे नेला, डाव्या हातानं धरून ठेवला आणि ताठ बसले.

“हं,” ते भाच्याला म्हणाले, “परत विचार.”