शालनची अॅलर्जी

लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी शालन कुलथे यांना नवऱ्याची अॅलर्जी झाली. प्रल्हादराव जवळ बसले की पाच मिनिटांत शालनच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठत आणि ओठ सुजत.

कराडच्या डॉक्टर तांबोळी बाईंनी शालनच्या हातावर सुईने टोचून तपासणी केली. धूळ, शेंगदाणा, मांजराचे केस आणि प्रल्हादराव. पंधरा मिनिटांनी त्यांनी पट्टीने सूज मोजली.

"शेंगदाणा काही नाही. मिस्टर नऊ मिलिमीटर."

"इतकी वर्षं तर काही नव्हतं," प्रल्हादराव म्हणाले.

"पहिल्या भेटीत अॅलर्जी होत नसते. शरीर आधी ओळखून ठेवतं, तयारी करतं. कुणाची तयारी महिनाभरात होते, कुणाची तीस वर्षांत. हा पहिला प्रकार, लगेच उठणारा. चौथ्या प्रकारात दोन दिवसांनी उठतं."

"म्हणजे दोन दिवस तरी मिळाले असते," प्रल्हादराव म्हणाले.

डॉक्टर बाईंनी नवऱ्याची मात्रा लिहून दिली: सुरुवातीला रोज दहा सेकंद, मग हळूहळू वाढ. खंड पडता कामा नये.

प्रल्हादरावांनी समोरच्या इमारतीत खोली घेतली. सकाळी नऊ वाजता ते दारात उभे राहत. शालन घड्याळाकडे बघत. दिवाळीपर्यंत ते खुर्चीवर बसू लागले. फाल्गुनात अकरा मिनिटं झाली. अकरा मिनिटांत चहा होतो, भाजी काय आणायची ते ठरतं, पुतणीच्या लग्नाचा विषय अर्धा होतो. उरलेला दुसऱ्या दिवशी.

चैत्रात प्रल्हादराव तापाने पडले. शालन रोज जिना चढून त्यांच्या बंद दाराबाहेर पेजेचं भांडं ठेवत.

"मीठ घातलंय. घेताय ना?" त्या विचारत.

"घेतो. तू जा आता."

सहा दिवसांनी ताप उतरला. शालननी दवाखान्यात फोन केला.

"सहा दिवस खंड म्हणजे शरीर झालेली सवय विसरलं असणार," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून सुरू करा."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता प्रल्हादराव दारात आले. दाढी वाढली होती, सदरा सैल झाला होता. शालननी एकापासून मोजायला सुरुवात केली. एकही आकडा चुकला नाही.

"दहा," त्या म्हणाल्या.

"येतो," प्रल्हादराव म्हणाले.

"या."